परातीत उरलेली बाजरी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. माझ्यासारख्या पराती तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण उंदरांना जेवायला वाढण्यासाठी मोटारीत बसून रानात जाणारी परात बहुधा पाहिली नसेल. ते भाग्य माझ्या वाट्याला आले. सुरुवातीला मला ते भाग्य वाटले नव्हते, हेही आताच सांगून टाकते.

माझा जन्म नाशिकचा. तांबट आळीतल्या एका काळोख्या दुकानात पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवले. हातोडीचा घाव लागायचा, पण प्रत्येक घावागणिक मी थोडी गोल, थोडी खोलगट होत होते. त्यामुळे तक्रार नव्हती. काठ वळवून झाल्यावर कारागिराने मला टिचकी मारली, तेव्हा मी अशी काही वाजले की समोरच्या दुकानातला माणूस मान वळवून बघू लागला. पुढे लग्नाच्या भांड्यांत माझी निवड झाली. माझ्यावर 'चि. सौ. कां. वासंती' असे नाव कोरले गेले आणि त्या नावाच्या मागोमाग मी दिल्लीला आले.

वासंतीबाईंचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मयूर विहारमधल्या एका सोसायटीत त्यांनी घर घेतले आणि त्या घराच्या ओट्यावर माझे राज्य सुरू झाले. रोजची कणीक माझ्यात मळली जायची. दिवाळीत चकलीचे पीठ, थंडीत मेथीच्या जुड्यांचा ढीग, होळीला पुरणपोळ्यांची तेलात भिजलेली सैल कणीक, सगळे माझ्या अंगावर. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी काकू त्यांच्याकडे कीर्तन असले की "वो बडी वाली परात" मागायला यायच्या आणि परत करताना माझ्यात थोडा हलवा घालून द्यायच्या. वासंतीबाईंची दोन मुले, इंद्रजित आणि मैत्रेयी, माझ्या डोळ्यांदेखत वाढली. मैत्रेयीला तर तान्ही असताना माझ्यातच बसवून उन्हात न्हाऊ घातले आहे. पाणी उडवायला तिला फार आवडायचे.

मग दिवस बदलले. घरात स्टीलची हलकी परात आली. पितळ घासायला वेळ कुणाला होता? मला जुन्या सतरंजीत गुंडाळून माळ्यावर ठेवले गेले. खाली कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, सणांचे वास वरपर्यंत यायचे, पण मला कुणी हाक मारत नव्हते. चमक गेली, अंगावर काळपट डाग चढले. मी मनाची समजूत घातली की काम करून झाले, आता पडून राहायचे.

आणि एका संध्याकाळी कुणीतरी शिडी लावली.

ती मैत्रेयी होती. आता ती मोठी झाली होती आणि विद्यापीठात संशोधन करत होती. वाळूच्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या लहान उंदरांचा तिचा अभ्यास होता. रानात जायला सोयीचे पडते म्हणून ती दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला, घर भाड्याने घेऊन राहत होती. उंदरांना दाणे घालायला तिने प्लॅस्टिकची ताटे नेली होती, पण ती उन्हाने तडकली आणि उरलेली शेळ्यांनी तुडवली. तिला पसरट, जड आणि न फुटणारे काहीतरी हवे होते. तेव्हा तिला मी आठवले.

वासंतीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "उंदरांना? माझ्या परातीत?"

"आई, ते घरातले उंदीर नाहीत गं. वाळूत राहतात, बिया खातात. कुणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाहीत."

"म्हणजे शेवटी उंदीरच ना."

खरे सांगते, मलाही वासंतीबाईंचेच पटले होते. जिच्यात पुरणपोळीची कणीक भिजली, तिने उंदरांची पंगत वाढायची? पण वासंतीबाईंचा राग फार टिकत नसे. थोड्याच वेळात त्या चिंच आणि मीठ घेऊन मला घासायला बसल्या. द्यायचीच तर काळीकुट्ट कशी द्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. घासता घासता त्या मैत्रेयीला घरची काळजी सांगत होत्या, ती माझ्याही कानावर पडली.

इंद्रजितची नाशकाहून नुकतीच दिल्लीला बदली झाली होती. तो, त्याची बायको रुचिता आणि त्यांची मुलगी सृष्टी आता याच घरात राहत होते. सृष्टी तिसरीत होती. नवी शाळा, नवे गाव. आणि तिचा डबा रोज भरलेला परत येत होता. रुचिताने पराठे करून पाहिले, इडली दिली, इतर मुलांसारखे व्हावे म्हणून राजमा-चावलसुद्धा दिले. सृष्टी दोन घास खायची आणि बाकीचे तसेच घरी आणायची. घरी आली की मात्र भुकेने वखवखलेली असायची. तेवढ्यात रुचिता मोरीपाशी डबा उघडत म्हणाली, "बघा आई, आज पण. दोन घासांवर तिसरा नाही. इतकं मरमर करून बनवायचं आणि हिची नाटकं." दारात उभी असलेली सृष्टी चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रेयीच्या मोटारीत होते. माझ्या शेजारी एक स्टीलची परात होती. ती चांदणी चौकातून आणलेली, तरुण आणि जरा गर्विष्ठ. द्वारकेहून नजफगढ मागे टाकून आम्ही हरियाणातल्या झज्जरच्या दिशेने गेलो. मोहरीची पिवळी शेते लागली, विमाने अगदी डोक्यावरून जाऊ लागली, आणि मग रस्त्याच्या आत एक वाळूची पडीक जमीन आली. तिथे रानबोरीची काटेरी झुडपे होती. झुडपांच्या मुळाशी मुठीएवढी बिळे होती. जमिनीचे मालक धर्मपालजी बांधावर चहा पीत होते. त्यांनी मैत्रेयीला राम राम घातला, माझ्याकडे पाहिले आणि हसून हिंदीत म्हणाले की मॅडम, या उंदरांचे लग्न आहे की काय?

मैत्रेयीचे काम असे होते. आम्हा दोघींत ती चाळलेली कोरडी वाळू भरायची. त्यात मोजून सारखीच बाजरी मिसळायची. एक परात बोरीच्या झुडपाखाली ठेवायची आणि दुसरी झुडपापासून दूर, उघड्या वाळूत. मग ती स्वतः बाभळीमागे बांधलेल्या हिरव्या कापडाआड जाऊन बसायची. ठरलेला वेळ झाला की दोन्ही परातींतली वाळू चाळायची आणि उरलेली बाजरी तराजूत तोलायची. मला उघड्या वाळूत ठेवले गेले.

पहिल्या दिवशी माझ्याकडे कुणी फिरकलेच नाही. वासंतीबाईंनी मला इतके लखलखीत घासले होते की सूर्य माझ्या काठावर उतरून बसला होता. झुडपाखालून मिशा हलताना दिसायच्या, एखादे नाक बाहेर यायचे आणि माझा लखलखाट पाहून आत पळायचे. मैत्रेयीने संध्याकाळी चिखल कालवून माझ्या काठाला आणि बाहेरून लिंपला. माझ्या चमकीचा मला किती अभिमान होता! पण काय करणार, गप्प बसून लिंपून घेतले.

त्यानंतर मात्र पाहुणे आले. मित्रांनो, ते उंदीर तुम्ही पाहायलाच हवेत. वाळूच्याच रंगाचे अंग, शेपटीच्या टोकाला काळा झुबका, आणि मागच्या पायांवर उभे राहायची ऐटदार सवय. हे उंदीर थंडीच्या दिवसांत भर उन्हात बाहेर पडतात. ते पुढच्या पायांनी भराभर वाळू उकरतात, दाणा सापडला की दोन हातांत धरून सोलतात आणि लगेच मान वर करून चारी दिशांना बघतात. त्यांच्या पायांच्या गुदगुल्या मला आवडू लागल्या. कणीक मळणाऱ्या हातांनंतर इतकी लगबग माझ्यात कुणी केली नव्हती.

पण एक गोष्ट मला खुपत होती. झुडपाखालच्या स्टीलच्या परातीतली बाजरी जवळजवळ संपायची. माझ्यातली मात्र पुष्कळ उरायची. रोज चाळणीत माझ्या वाटणीचा ढीग मोठा असायचा. ज्या परातीने घरादाराला पोटभर जेवू घातले, तिच्यात अन्न टाकून पाहुणे उठून जात होते. मला वाटले, माझ्या पितळेला वास येत असेल. मी जुनी झाले, म्हणून असे होते. शेजारीण तर काही न बोलता चमकत बसायची. मला फार लागले ते.

एकदा मात्र मी साफ रिकामी झाले. एक दाणा शिल्लक नाही. मी आनंदाने फुलून गेले, मैत्रेयीही धावत आली. पण तिने वाकून वाळूवरचे ठसे पाहिले आणि ती हसायलाच लागली. तीन लांब बोटांचे ठसे होते. धर्मपालजींच्या शेतातला मोर येऊन जेवून गेला होता. तो दिवस तिने अभ्यासातून वगळून टाकला. माझा आनंदही त्याबरोबर वगळला गेला.

मग मैत्रेयीने आमच्या जागा बदलल्या. मी झुडपाखाली गेले आणि स्टीलची परात उघड्यावर. आणि काय सांगू, त्या दिवशी माझ्यातली बाजरी संपली आणि तिच्यातली उरली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोष परातीचा नव्हताच. दोष जागेचा होता. झुडपाखाली डोक्यावर काट्यांचे छप्पर होते आणि बीळ दोन उड्यांवर. उघड्यावर वर नुसते आभाळ. वाळू उकरायला मान खाली घातली की वरून काय येते आहे ते दिसत नाही. म्हणून उंदीर उघड्यावर वरचे, सहज सापडणारे दाणे तेवढे उचलायचा आणि जीव घेऊन परतायचा. सुरक्षित जागी तो खालपर्यंत खणत राहायचा. उरलेली बाजरी म्हणजे त्याच्या भीतीचे माप होते. मैत्रेयी तराजूत बाजरी तोलत नव्हती, भीती तोलत होती.

हे कळल्यापासून मी उघड्यावर जायला कधी कुरकुरले नाही. जागा आलटून पालटून बदलत राहिल्या. जो कोणी माझ्यात येईल त्याने दोन दाणे तरी निवांत खावेत, एवढीच माझी इच्छा उरली.

त्यात एक मादी होती. तिचा एक कान फाटलेला होता. बोरीखालच्या बिळात तिची पिल्ले होती. इतर उंदीर उघड्या वाळूत क्षणभर थांबायचे, ही मात्र रेंगाळायची, खणायची, तोंडात दाणे भरून घ्यायची आणि पुन्हा यायची. भीती तिलाही होती. दर दोन दाण्यांमागे ती मान वर करायची, तिचे छोटे हृदय किती जोरात धडधडते ते मला तिच्या पावलांतून कळायचे. पण दूध पाजणाऱ्या आईला भूकही मोठी असते. पिल्लांसाठी ती थोडी जास्त भीती सोसत होती.

सुटीच्या एका रविवारी मैत्रेयी सृष्टीला बरोबर घेऊन आली. मुलगी घरात नुसती बसून असते, जरा मोकळी हवा मिळेल, असे रुचितालाही वाटले होते. सृष्टीने माझ्यात वाळू भरायला मदत केली. बाजरी कालवताना तिचे हात अगदी वासंतीबाईंसारखे फिरत होते. हे कसले चूहे आहेत, ते चावतात का, त्यांना थंडी वाजते का, असे तिचे प्रश्न संपत नव्हते. फाटक्या कानाची मादी दिसल्यावर तिने तिचे नाव 'लगबग' ठेवले. मैत्रेयी अभ्यासातल्या प्राण्यांना नावे देत नसे, पण त्या दिवशी तिनेही ते नाव मान्य केले. मग दोघी हिरव्या कापडाआड जाऊन बसल्या. मी उघड्या वाळूत वाट पाहत राहिले.

लगबग आली. नेहमीसारखी इकडेतिकडे पाहून माझ्यात उतरली. वरची बाजरी संपली होती, म्हणून ती खोल खणू लागली. तिची मान पार वाळूत गेली. एवढ्यात झुडपाखाली दुसऱ्या एका उंदराने मागचा पाय जमिनीवर धडधडधड आपटला. तो इशारा होता. माझ्यावरून एक सावली सरकली.

तो शिक्रा होता. कबुतराएवढा लहान ससाणा, पण डोळे निखाऱ्यासारखे. तो आभाळातून खाली आला नव्हता, झुडपांच्या आडून जमिनीलगत आला होता. लगबगने वर न बघताच उडी मारली. वाळू उसळली. शिक्ऱ्याच्या नख्या जिथे ती होती तिथे पडल्या आणि माझ्या काठावर ठण्णकन आदळल्या. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वेळा वाजले आहे, पण तशी कधी वाजले नव्हते. लगबग बोरीच्या काट्यांत दिसेनाशी झाली. शिक्रा माझ्या काठावर बसला. तो जोरात श्वास घेत होता. तोही उपाशी असावा, इतका हलका होता. त्याने एकदा झुडपाकडे पाहिले आणि उडून गेला.

मैत्रेयी आणि सृष्टी धावत आल्या. सृष्टीचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याजवळ बसली आणि काठावर उठलेल्या ओरखड्यावरून बोट फिरवू लागली. मैत्रेयीने तिला सांगितले की लगबग सुटली, तिने स्वतः पाहिले. सृष्टीने मान हलवली. मग ती हळूच म्हणाली, "माझी पोळी पण अशीच नेली होती."

मैत्रेयी तिच्याजवळ वाळूत बसली. मग सृष्टी आपणहून सांगू लागली.

शाळेत मधल्या सुट्टीत सगळी मुले मैदानात डबा खातात. तिथे वर घारी फिरत असतात. दिल्लीत त्या जिथे तिथे असतात. पहिल्याच आठवड्यात सृष्टीने तूप-गुळाच्या पोळीची सुरळी करून तोंडाकडे नेली, आणि मागून घारीने झडप घालून ती हातातून नेली. पंख तिच्या गालावर आपटला. बोटाला नखी लागली, रक्त आले. ती किंचाळली आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर काही दिवस मुले तिला 'चील का लंच', म्हणजे घारीचे जेवण, म्हणत होती. घरी तिने सांगितले की बोट दारात सापडले. तेव्हापासून ती डबा मांडीवर अर्धवट उघडा धरते, एक घास घेते, वर बघते, दुसरा घास घेते, वर बघते आणि झाकण लावते.

"आई विचारते, भाजी आवडली नाही का," सृष्टी म्हणाली. "भाजी चांगलीच असते."

मैत्रेयीने तिला कुशीत घेतले. मला वाटते तिचेही डोळे भरले होते, पण ती हसून म्हणाली, "अगं, मी एवढी वर्षं उंदरांनी काय उरवलं ते तोलते आहे. आणि आपल्या घरचा डबा मला वाचता आला नाही."

सृष्टीला आता वेगळीच काळजी लागली होती. लगबग पुन्हा माझ्याकडे येईल का? मैत्रेयीने खरे तेच सांगितले. आज नाही येणार. उद्याही कदाचित नाही. आधी ती झुडपाखालची परात पाहील, मग हळूहळू बाहेर येईल, आणि तिला कुणी ढकलून आणू शकत नाही. सृष्टीने माझ्याकडे पाहिले, मग झुडपाकडे पाहिले आणि म्हणाली, "मग आपणच हिला झुडपाजवळ नेऊ या ना. लगबगला भीती वाटते तर तिला कशाला बोलवायचं? परात नेता येते."

त्या दिवसाचा अभ्यास तसाही मोडलाच होता. मैत्रेयी उठली, दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरले आणि बोरीच्या सावलीच्या काठाशी नेऊन ठेवले. मग त्या कापडाआड गेल्या. ऊन कलू लागले तेव्हा काट्यांतून एक फाटका कान बाहेर आला. लगबग माझ्या काठावर पुढचे पाय टेकवून उभी राहिली, दाणा घेऊन आत गेली, पुन्हा आली, पुन्हा आत गेली. कापडामागून कुणीतरी हुंदका गिळल्यासारखे किंवा हसल्यासारखे वाटले. दोन्हींपैकी काय ते मला कळले नाही.

पुढची हकीकत मी पुढच्या रविवारी ऐकली. त्या दिवशी रुचिताही रानात आली होती. वाळू चाळता चाळता ती मैत्रेयीला सांगत होती. त्या संध्याकाळी मैत्रेयीकडून सगळे कळल्यावर तिने सृष्टीला जवळ घेतले आणि दोघी बराच वेळ बोलल्या. दुसऱ्या दिवशी ती शाळेत बाईंना भेटायला गेली. बाईंना वाटले होते की नवी मुलगी आहे, बुजरी असेल. त्यांनी लगेच सांगितले की ज्यांना हवे त्यांनी व्हरांड्यात छपराखाली बसून डबा खावा. सृष्टी एकटीच जाऊन बसली. तिला वाटले, आता पुन्हा सगळे हसतील. तेवढ्यात क्षिप्रा नावाची मुलगी आपला डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. घारीने पोळी नेली त्या दिवशी हीच क्षिप्रा सर्वांत मोठ्याने हसली होती.

"आणि ती हिला काय म्हणाली माहितीये?" रुचिता म्हणाली. "मेरा तो पूरा समोसा ले गई थी, यार. मैंने किसी को बताया ही नहीं."

त्या आठवड्यात व्हरांड्यात इतकी मुले जमली की बाईंना आणखी चटया अंथराव्या लागल्या. भीती काही एकट्या सृष्टीला नव्हती. जे जोरात हसत होते त्यांतले कितीतरी जण वर बघत बघतच जेवत होते.

रुचिताने चाळणी खाली ठेवली. "मी रोज विचारायचे, का नाही खाल्लंस," ती म्हणाली. "कुठे बसून खातेस, हे एकदाही नाही विचारलं."

सृष्टीला त्याचे काही नव्हते. ती बांधावर बसून आपला डबा खात होती आणि धर्मपालजींना लगबगच्या पिल्लांविषयी काहीबाही सांगत होती. पिल्ले आता बिळाच्या तोंडाशी येऊन एकमेकांना ढकलत होती.

वसंत सरला, उन्हाळा तापू लागला, तसे मैत्रेयीचे रानातले काम संपत आले. लगबग उघड्या वाळूत पुन्हा यायला लागली होती. आधी थोडी, मग थोडी जास्त. शिक्राही अधूनमधून दिसायचा. सृष्टीने एकदा विचारले होते की त्याला हाकलून का लावत नाही. तेव्हा मैत्रेयीने सांगितले की त्याचीही पिल्ले असतील. इथे कुणीच वाईट नाही. सगळ्यांना जेवायचे आहे.

रानाचा निरोप घेताना वाईट वाटलेच. वासंतीबाई मला पुन्हा ओट्यावर घेतील अशी वेडी आशा मी धरली नव्हती, आणि त्यांनी घेतलेही नाही. उंदरांच्या पंगतीतून आलेल्या परातीत कणीक मळायची कल्पना त्यांना काही केल्या रुचली नाही. पण मी माळ्यावरही गेले नाही. मैत्रेयीने मला विद्यापीठातल्या तिच्या खोलीत ठेवले आहे. नवी मुले येतात तेव्हा ती मला टेबलावर घेते, वाळू भरते, बाजरी कालवते आणि रानात जाण्याआधी त्यांना शिकवते. सृष्टीच्या वर्गातली मुलेही एकदा येऊन गेली. क्षिप्राने माझ्यातली वाळू जमिनीवर सांडली आणि सगळ्यांनी मिळून ती गोळा केली. वासंतीबाई आल्या तेव्हा त्यांनी माझ्यावर कोरलेले आपले नाव पदराने पुसले. मग इकडेतिकडे पाहून कुणाला न सांगता पिशवीतून चिंच काढली आणि मला थोडेसे घासलेच. मैत्रेयीने पाहिले आणि मुद्दाम पाठ वळवली.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना माळ्यावर टाकू नका, हे तर मी सांगणारच. आम्हाला काम द्या. कामाने आम्ही झिजतो, पण खूश असतो. त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुमच्या वर्गात कुणाचा डबा तसाच परत जात असेल, घरी कुणाच्या ताटात अन्न उरत असेल, तर लगेच नाक मुरडू नका. अन्न टाकू नये हे खरे, पण उरलेला घास काहीतरी सांगत असतो. त्याच्याशेजारी जाऊन बसा. तो ज्या जागी बसतो तिथे बसून एकदा मान वर करा, आणि वर काय घिरट्या घालते आहे ते बघा.